डोक्याला मुका मार लागल्यानंतरची डोकेदुखी आणि ऐकून न घेणारे डॉक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा: कोणत्या लक्षणांवर घरी थांबायचंच नाही?

मार लागल्यावर पहिल्या ४८ तासांत, आणि नंतरही कधीही, पुढचं काही दिसलं तर ओपीडीचा वार बघत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात पोहोचा. डोकेदुखी तासातासाला वाढत जाणं. पुन्हा पुन्हा उलटी होणं. माणूस उठवूनही नीट जागा न होणं, असंबद्ध बोलणं, घरच्यांना न ओळखणं. फिटचा झटका येणं. एका हातापायातली ताकद जाणं, जीभ अडखळणं. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसणं. नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा पातळ द्रव येणं.

माणूस ६५ च्या पुढचा असेल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा दारूच्या नशेत पडला असेल, तर लक्षणं किरकोळ असली तरी दाखवून घ्या. नशेतल्या माणसाबद्दल "उतरली की उठेल" असं म्हणून त्याला झोपू दिलं जातं. तेवढ्यात आतला रक्तस्राव वाढलेला असू शकतो.

सीटी नॉर्मल आहे, मग डोकं का दुखतं?

सीटीमध्ये रक्तस्राव, कवटीचं फ्रॅक्चर आणि मोठी सूज दिसते. मुक्या मारात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत कन्कशनमध्ये, बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. मेंदू हादरल्यामुळे पेशींमधल्या क्षारांचं संतुलन आणि ऊर्जेचा वापर काही काळ बिघडतो, आणि ते सीटीत दिसत नाही. भिंतीला तडा गेला नाही म्हणून घरात वीज नीट दाबाने येते असं होत नाही, तसंच हे आहे.

"रिपोर्ट नॉर्मल आहे" याचा खरा अर्थ "ऑपरेशन लागेल असं काही दिसत नाही" एवढाच आहे. ही चांगली बातमी आहे. पण त्यावरून "तुम्हाला काही झालेलं नाही" असं म्हणता येत नाही. ज्या डॉक्टरांनी ही दोन वाक्यं एकच मानली, त्यांच्याकडे पुढचा उपचार मिळणं अवघड जातं. निम्मा त्रास इथूनच सुरू होतो.

ही डोकेदुखी किती दिवस राहते?

बऱ्याच जणांची दोन ते चार आठवड्यांत ओसरते. मार लागल्यापासून सात दिवसांच्या आत सुरू झालेली डोकेदुखी माराशी जोडली जाते. ती तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकली तर तिला दीर्घकालीन म्हणतात. आधी अर्धशिशी असलेल्यांना, झोप बिघडलेल्यांना आणि याआधीही डोक्याला मार लागलेल्यांना जास्त वेळ लागण्याची शक्यता असते.

तीन महिने थांबून मग उपचार सुरू करायचे असं मात्र नाही. तीन आठवड्यांनंतरही आठवड्यातले तीन-चार दिवस डोकं दुखत असेल, तर तेव्हाच पुन्हा दाखवा.

माझी डोकेदुखी कोणत्या प्रकारची, हे मला कसं कळणार?

या प्रश्नावर वेळ घालवा, कारण उपचार त्यावरच ठरतो. "डोकं दुखतं" एवढंच सांगितलं की डॉक्टर वेदनाशामक लिहून मोकळे होतात.

*अर्धशिशीसारखी.* ठणका लागतो, बऱ्याचदा एका बाजूला. मळमळ होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, जिना चढला की वाढतं, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. मारानंतर हा प्रकार फार आढळतो.

*मानेतून येणारी.* मानेच्या मुळापासून सुरू होऊन कानामागून कपाळापर्यंत किंवा डोळ्यामागे येते. मान एका बाजूला वळवली की वाढते, कवटीच्या खालच्या काठावर बोटाने दाबलं की तीच कळ उमटते. दुचाकीवरून पडताना डोक्याबरोबर मानेलाही हिसका बसलेला असतो आणि ती कुणी तपासलेलीच नसते.

*पट्टा आवळल्यासारखी.* दोन्ही बाजूंना, जड, संध्याकाळी वाढणारी. मळमळ नसते.

*गोळ्यांमुळे टिकून राहिलेली.* रोज सकाळी उठतानाच डोकं दुखतं, गोळी घेतली की दोन-चार तास बरं, मग पुन्हा तेच. हिच्याबद्दल पुढे सविस्तर.

*उभं राहिलं की वाढणारी.* आडवं झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत बरीच कमी आणि उठून बसलं की पुन्हा सुरू. मेंदूभोवतालचं पाणी कुठून तरी गळत असण्याची शक्यता यात असते. हा प्रकार क्वचित दिसतो, पण डॉक्टरांना हे वाक्य मुद्दाम सांगा. न विचारता हे सहसा कुणी सांगत नाही.

एकाच माणसाला दोन-तीन प्रकार एकत्र असू शकतात.

पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

२४ ते ४८ तास आराम. म्हणजे घरातल्या घरात फिरणं, जेवणं, गप्पा मारणं चालतं. मोबाइल आणि टीव्ही या दोन दिवसांत शक्य तेवढे बंद ठेवा. गाडी चालवू नका, दारू पिऊ नका. झोपू देऊ नये हा समज सोडा. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोप हवीच. पहिल्या रात्री घरातल्या कुणीतरी दोन-तीन वेळा हलवून नीट बोलतो का एवढं बघावं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांमध्ये किमान सहा तास, २४ तासांत सहा गोळ्यांच्या वर नाही. यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून कमी करा. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन रक्तस्राव नाही याची खात्री होईपर्यंत टाळा.

त्यानंतर महिनाभर झोपून राहू का?

नाही. "बेडरेस्ट"चा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, पण अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने बरं व्हायला उशीरच लागतो. ४८ तासांनंतर हलकी हालचाल सुरू करायची.

सपाट रस्त्यावर दहा मिनिटं सावकाश चालण्यापासून सुरुवात करा. निघण्याआधी दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या. चालताना तो दोनपेक्षा जास्त वाढला, किंवा वाढलेलं दुखणं तासाभरात खाली आलं नाही, तर ते जास्त झालं. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं कमी करा. जमत असेल तर दर दोन दिवसांनी पाच मिनिटं वाढवत तीस मिनिटांपर्यंत न्या. थोडं दुखलं म्हणजे मेंदूला इजा होते असं नाही, ही भीती मनातून काढा. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी सात-साडेसातच्या आत उरकायचं. आपल्याकडे पारा ४२-४३ ला गेलेला असताना उन्हात चाललं, तर दुखणं उन्हाचं की माराचं हेच कळणार नाही.

पाणी आणायला, शेतात, ऊसतोडीला कधी जाता येईल?

मान दुखत असेपर्यंत डोक्यावर हंडा किंवा मोळी घेऊ नका. सगळा भार मानेच्या मणक्यांवर आणि त्याच ताणलेल्या स्नायूंवर येतो, आणि बरी होत आलेली डोकेदुखी एका खेपेत परत येते. टँकर आला की घाई असते हे खरं आहे. दोन हातांत दोन पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन जास्त खेपा करा, किंवा सायकलला, हातगाड्याला घागरी लावा. हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी घेतलं तर उत्तम. डॉक्टरांनी बाईला "आराम करा" म्हटल्यावर घरात कोण काय उचलणार हे ठरलं नाही, तर त्या सल्ल्याला काही अर्थ राहत नाही.

वाकून करायची कामं, म्हणजे खुरपणी आणि कोयत्याने तोडणी, डोकं खाली गेलं की ठणका वाढवतात. आधी अर्धा दिवस, बसून करायची कामं, दर तासाला दहा मिनिटं सावलीत. ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे थांबणं सोपं नसतं. निघावंच लागलं तर केसपेपर, सीटीचा रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. कारखान्याकडचा डॉक्टर नवा असतो आणि कागद नसले की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

उंचीवरचं काम, विहिरीत उतरणं आणि मळणी यंत्र चक्कर पूर्ण थांबेपर्यंत नको.

रोज गोळी घेतल्याशिवाय भागत नाही. काय करू?

महिन्यात किती दिवस गोळी घेतली हे आधी मोजा. पॅरासिटामॉल, आयब्रुफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यातले १५ दिवस किंवा जास्त, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या), ट्रामाडॉल (कडक वेदनाशामक) किंवा अनेक औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. म्हणून आठवड्यातले दोनच दिवस गोळी, ही मर्यादा सुरुवातीपासून पाळा.

मेडिकलमधून सुट्या गोळ्यांची पुडी घेणं थांबवा. पुडीत काय आहे हे कळत नाही. कधी स्टिरॉइड असतं, कधी दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलच असतं आणि ते दुप्पट पोटात जातं. पाकिटावरचं घटकाचं नाव वाचा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. उन्हाळ्यात पाणी कमी पडत असताना रोज डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक घेणं मूत्रपिंडाला घातक आहे.

साध्या गोळ्या थांबवल्यावर दोन ते दहा दिवस दुखणं वाढतं. हे आधी माहीत नसल्यामुळे लोक चौथ्या दिवशी पुन्हा गोळी घेतात. पेरणी, लग्न, परीक्षा नसलेला आठवडा निवडा आणि डॉक्टरांना सांगून थांबवा. ट्रामाडॉल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकदम बंद करायच्या नाहीत, त्या हळूहळू कमी कराव्या लागतात.

डॉक्टरांनी दिलेली गोळी "डिप्रेशनची" आहे असं मेडिकलवाला म्हणाला. म्हणजे ते मला वेडं समजतात का?

बहुधा ती अ‍ॅमिट्रिप्टिलिन असेल. मोठ्या डोसमध्ये ती नैराश्यासाठी वापरली जाते. रोज रात्री १० मिलिग्रॅम अशा लहान डोसमध्ये ती डोकेदुखी येऊच नये म्हणून देतात, आणि झोपही सुधारते. झोपण्याआधी साधारण दोन तास घेतली तर सकाळची गुंगी कमी राहते. तोंडाला कोरड पडते, शौचाला कडक होतं. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल तर लिहून देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

डोकेदुखी येऊ नये म्हणून दुसऱ्याही गोळ्या देतात. त्यातली प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला चालत नाही. फ्लुनारिझिनने वजन वाढतं, सुस्ती येते, मन खचू शकतं. टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट गरोदरपणात बाळाला अपाय करतात, त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या बाईने "मला हे चालेल का" असं विचारलंच पाहिजे.

या सगळ्या रोजच्या गोळ्या आहेत, दुखलं की घ्यायच्या नाहीत. फरक पडतो की नाही हे सहा ते आठ आठवड्यांनी ठरतं. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून डॉक्टर बदलले की नवा डॉक्टर नवी गोळी देतो आणि कुठलीच गोळी पुरेसे दिवस पोटात जात नाही. असे वाया गेलेले महिने फार जणांच्या कागदांवर दिसतात.

सलाइन, "मेंदूच्या ताकदीची" इंजेक्शनं आणि झटक्याच्या गोळ्या सांगितल्यात. घ्यायच्या का?

उलट्यांमुळे अंगातलं पाणी कमी झालं असेल तर सलाइनचा उपयोग आहे. तोंडाने पाणी जात असताना डोकेदुखीवर सलाइन लावून काही साधत नाही. "मेंदूच्या ताकदीचं" म्हणून सिटिकोलिन आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. अमेरिकेत १,२१३ रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोक्याच्या मारानंतर त्याचा औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पैसे मोजके असतील तर ते फिजिओथेरपीवर घाला.

फिनिटॉइन किंवा लेव्हेटिरासिटामसारखी झटक्याची गोळी सीटी नॉर्मल असताना आणि एकही झटका आलेला नसताना सहसा लागत नाही. पण ती मनाने बंद करू नका. "कशासाठी आणि किती दिवस" हे विचारा आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.

मानेसाठी घरी काय करता येईल?

फ्रॅक्चर नाही हे कळल्यानंतरच. ताठ बसून हनुवटी सरळ मागे घ्या, वर-खाली न करता. पाच सेकंद धरा, दहा वेळा. मग दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे ओढा, पाच सेकंद, दहा वेळा. सकाळ-संध्याकाळ. गरम पाण्याची पिशवी पंधरा मिनिटं. उशी एकच आणि पातळ. मानेचा पट्टा आठवडेच्या आठवडे घालू नका, स्नायू कमकुवत होतात.

न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेणं पूर्ण बंद. हिसक्याने मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर जाऊन लकवा होऊ शकतो, आणि मार लागलेल्या मानेला हा धोका नको. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही.

डॉक्टर दोन मिनिटांत उठवतात, ऐकूनच घेत नाहीत. काय करावं?

ओपीडीत दीडशे माणसं रांगेत असतात. लांबलचक कहाणी तिथे कुणी ऐकणार नाही, एक कागद वाचतील. तो असा लिहा:

"मार: १२ जून, दुचाकी घसरली, उजव्या कानामागे. बेशुद्ध: अंदाजे दोन मिनिटं. सीटी: नॉर्मल. आता: आठवड्यातले पाच दिवस डोकेदुखी, ठणका, १० पैकी ७, मळमळ, उजेड नको. मान उजवीकडे वळवली की वाढते. गोळ्या: पॅरासिटामॉल, महिन्यात १८ दिवस. झोप: चार तास. बंद पडलेलं काम: दूध घालायला जाणं."

शेवटची ओळ सोडू नका. "खूप दुखतं" या शब्दांपेक्षा कोणतं काम बंद पडलं यावरून डॉक्टरांना तीव्रता कळते. हा कागद भरायचा तर दोन आठवडे कॅलेंडरवर रोज एक आकडा आणि गोळीची खूण करा, दूधवाल्याचा हिशेब ठेवतो तसंच.

मग तीनच प्रश्न विचारा. "डॉक्टर, ही डोकेदुखी कोणत्या प्रकारची वाटते?" "मान तपासता का?" "ही गोळी किती आठवडे घ्यायची, आणि गुण नाही आला तर पुढे काय?" या प्रश्नांवर "टेन्शन घेऊ नका" एवढंच उत्तर देऊन सुटता येत नाही. तरीही तेच म्हणाले, तर शांतपणे म्हणा: "टेन्शन असेलही, पण पडण्याआधी हे दुखणं नव्हतं. तुमच्याकडे यावर उपचार नसतील तर कुणाकडे जाऊ ते लिहून द्या." लेखी रेफरल मागणं हा उर्मटपणा नाही.

बायकांना "टेन्शन"चं उत्तर लवकर मिळतं. सोबत कुणी असेल तर त्याने बाईच्या वतीने बोलू नये. ती सांगते तसंच होतं, एवढंच म्हणावं.

न्यूरोसर्जनकडे जाऊ की न्यूरोलॉजिस्टकडे?

न्यूरोसर्जन ऑपरेशन लागेल का ते बघतात. सीटी नॉर्मल असेल तर त्यांचं काम तिथे संपतं, आणि "आमच्याकडून काही नाही" हे त्यांचं उत्तर खरंच असतं. डोकेदुखीवरचे उपचार न्यूरोलॉजिस्टचे. तेवढ्या लांब जाणं जमत नसेल तर तालुक्यातले एमडी मेडिसिन डॉक्टरही वर सांगितलेल्या गोळ्या सुरू करू शकतात.

कूस बदलताना घर गरगरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट. कानातले कण सरकल्याने येणारी ही चक्कर एप्ली नावाच्या पद्धतीने डोकं ठरावीक कोनांत फिरवून बऱ्याचदा एक-दोन वेळांत जाते. तिच्यासाठी महिनोन्महिने चकरेच्या गोळ्या खाव्या लागू नयेत. वाचताना अक्षरं दोन दिसत असतील तर डोळ्यांचे डॉक्टर.

मराठवाड्यात सरकारी सोय छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात, नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत आहे. मेंदूविकाराची ओपीडी आहे का आणि कोणत्या वारी असते हे आधी विचारून घ्या आणि सकाळीच केसपेपर काढा. सरकारच्या ई-संजीवनी सेवेवरून मोफत ऑनलाइन सल्ला मिळतो. फेरतपासणीसाठी तो पुरतो, पहिल्या तपासणीसाठी नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या गोळ्यांचा खर्च तिच्यात धरू नका.

दवाखाना कागदपत्रं देत नाही. अधिकार आहे का?

आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. अपघाताची पोलीस नोंद झाली असेल तर पहिल्या तपासणीचा कागद नुकसानभरपाईच्या दाव्यात लागतो, आणि नंतरच्या डोकेदुखीचे केसपेपरही. मार लागल्यानंतर दोन महिने कुठेच नोंद नसेल तर दुखणं सिद्ध करणं जड जातं.

सीटीची फिल्म गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेने काळ्या पडतात. रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

झोप, चहा, उपवास यांनी फरक पडतो?

पडतो. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तर पाणी द्यायची पाळी महिनाभर भावाला किंवा शेजाऱ्याला द्या, दिवसाच्या पाळीत तुम्ही त्यांचं काम करा. तुटक झोपेत कुठलाच उपचार लागू पडत नाही. चहा दिवसाला दोन कप, दुपारी चारनंतर नाही. रोज सहा-सात कप पिणाऱ्याने एकदम बंद केला तर त्यानेच डोकं दुखतं, दर तीन दिवसांनी एक कप कमी करा.

निर्जळ उपवास आणि रोजे शक्य असेल तर बरे होईपर्यंत पुढे ढकला. उन्हात पांढरा रुमाल आणि गॉगल वापरा, घरात मात्र गॉगल नको. अंधाराची सवय झाली की डोळे साध्या उजेडालाही घाबरतात. वरातीतल्या डीजेपासून लांब राहा, कुणी नावं ठेवली तरी.

चिडचिड होते, रडू येतं, काही सुचत नाही. हे मारामुळेच का?

मारामुळेही, आणि महिनोन्महिने दुखण्यामुळे आणि कुणी विश्वास न ठेवल्यामुळेही. दोन्हीवर उपचार आहेत. १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर आजच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

पोराला कबड्डी, कुस्ती पुन्हा कधी खेळू द्यायची?

मार लागला त्या दिवशी मैदानात परत नाही, कितीही आग्रह झाला तरी. आधी शाळा पूर्ण वेळ जमली पाहिजे. मग चालणं, हलकं धावणं, एकट्याचा सराव, जोर-बैठका आणि जोरकस सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर जोडीबरोबरचा सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. सरावात त्रास वाढला तर एक पायरी मागे. आधीचा मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते, मुलांमध्ये विशेषतः.

सगळं ठीक होतं, पाच आठवड्यांनी म्हातारीचं डोकं दुखू लागलं. आता परत सीटी?

हो, लगेच. वय झालेल्यांत मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठतं आणि आठवड्यांनंतर त्रास सुरू होतो. डोकेदुखी, चालताना एका बाजूला झोक जाणं, विसरणं, दिवसा झोपून राहणं. घरचे याला "वय झालं" म्हणतात. पहिला सीटी नॉर्मल होता म्हणून डॉक्टर टाळत असतील तर मार लागल्याची तारीख आणि आजची तारीख दोन्ही लिहून समोर ठेवा. हे वेळेत सापडलं तर बहुतेक वेळा छोट्या छिद्रातून रक्त काढून बरं करता येतं.